कोकणातलं जुनं कौलारू घर नव्यानं करताना: कामाचा क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

गावचं घर दुरुस्त करायचं ठरलं की बहुतेकांचं काम मे महिन्याच्या सुट्टीत सुरू होतं आणि गणपतीपूर्वी संपवायचं असतं. म्हणजे छप्पर नेमकं मृगाच्या तोंडावर उघडं पडतं, गिलावा भर पावसात ओला राहतो आणि रंग कुबट भिंतीवर चढतो. दिवाळीपर्यंत पोपडे. मग दोष रंगाच्या कंपनीला, गवंड्याला नाहीतर 'जुन्या घराची ओल जातच नाही' या समजुतीला. खरा दोष असतो क्रमाचा.

हा लेख रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या, जांभ्याच्या भिंती, मातीचा किंवा चुन्याचा दर्जा (म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांतला माल), लाकडी वासे आणि कौलं असलेल्या घरांसाठी आहे. रायगड आणि गोव्यातल्या अशाच घरांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. घर आतून उबदार, साधं, आजच्या राहणीला सोयीचं करायचं आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात ते टिकवायचं, एवढंच उद्दिष्ट धरलं आहे.

## टप्पा १: पावसात घर बघा

मे महिन्यात घर खोटं बोलतं. भिंती कोरड्या, लाकूड घट्ट, वास नाही. म्हणून पाहणी पावसात करायची. गणपतीला सगळे जमतातच, त्यातला अर्धा दिवस यासाठी काढा.

एक वही, टॉर्च, खडू आणि जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. पाऊस चालू असताना माळ्यावर चढा आणि गळतीच्या जागी वाशावर खडूची खूण करा. खाली थेंब पडतो तिथेच वर भोक असतं असं नाही. पाणी वाशावरून चार-पाच फूट घरंगळत येतं, म्हणून ओली रेघ वरपर्यंत शोधत जा. तुळईची टोकं भिंतीत शिरतात तिथे आणि वळचणीकडच्या वाशांच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पातं सहज आत गेलं तर ते लाकूड संपलं. बाहेरून गुळगुळीत दिसणारी तुळई आतून वाळवीनं पोखरलेली असणं नेहमीचं आहे. ठोकून बघा, पोकळ आवाज लपत नाही.

मग भिंती. ओल जमिनीपासून वर चढली आहे, वरून खाली उतरली आहे, की भिंतीच्या मधोमध पश्चिमेच्या झडीनं आली आहे, हे तीन प्रकार वहीत वेगळे लिहा. तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

तपासणी: शंका असलेल्या जागी दोन फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावा. एक-दोन दिवसांनी कागदाच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दिसलं तर ती हवेतली वाफ आहे आणि तुम्हाला खेळती हवा हवी आहे, वॉटरप्रूफिंग नको.

शेवटी अंगणात छत्री घेऊन उभे राहा. पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, पाणी कुठून कुठे वाहतं, कुठे तुंबतं, याचे फोटो काढा. पुढे गवंड्याशी वाद घालताना हेच उपयोगी पडतात.

## टप्पा २: संमती, आणि मजूर कधी मिळतात

घर सामायिक असेल तर सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती आधी. तोंडी 'कर तू, आमचं काही नाही' यावर काम सुरू करू नका. छप्पर उतरवल्यावर हरकत आली तर नुकसान पावसाचं आणि नात्याचंही. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा काढा, दुरुस्तीला परवानगी लागते का ते विचारा. घर किनाऱ्याजवळ किंवा खाडीलगत असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचीही चौकशी करा.

कामाचं गणित शेतीच्या कामांवर बसवा. ऑक्टोबरात भात कापणी, तेव्हा माणसं मिळत नाहीत. मार्चपासून काजू आणि मग आंबा, तेव्हाही नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे साडेतीन महिने खरे आपले. जड कामं यातच बसवायची, रंग आणि सुतारकामाची अखेर एप्रिलपर्यंत गेली तरी चालेल. एवढ्यात बसत नसेल तर काम दोन हंगामांत विभागा: पहिल्या वर्षी छप्पर आणि पाण्याचा निचरा, मध्ये एक पावसाळा, दुसऱ्या वर्षी आतलं सगळं. माझ्या मते पैसे हातात असले तरी हाच मार्ग बरा, कारण भिंतींना वाळायला पूर्ण वर्ष मिळतं.

## टप्पा ३: छप्पर

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो: कौलं काढून स्लॅब टाकू का? पाच इंची स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरतं. तेवढ्याच जागेत मंगलोरी कौलं साधारण १५ लागतात, वजन ४०-४५ किलो आणि वर लाकडाचं थोडं. मातीच्या दर्जात बांधलेली भिंत आणि तिच्याखालचा पाया या जादा वजनासाठी बांधलेला नाही. संरचना अभियंत्यानं पाया तपासल्याशिवाय हा विचार डोक्यातून काढा.

कौलं उतरवताना दोन ढीग करा. बोटानं टिचकी मारल्यावर खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते तडकलेलं. शेवाळ साध्या ब्रशनं घासा. नवी कौलं लागलीच तर एका पाख्यावर (छपराच्या एका उतारावर) एकाच कारखान्याची बसवा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते. जुनी चांगली कौलं एका पाख्यावर, नवी दुसऱ्यावर, असं केलं की झालं.

वाशांची फक्त टोकं कुजली असतील तर अख्खा वासा बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून तेवढा सांधा देणारे सुतार अजून आहेत. नवं लाकूड पुरतं वाळलेलं असावं. भिंतीत जाणाऱ्या टोकाभोवती माल गच्च भरू नका, थोडी हवा राहू द्या.

हल्ली माकडांना कंटाळून लोक पत्रा घालतात. त्यांना दोष देता येत नाही, एक टोळी दुपारभरात शंभर कौलं फोडते. पण नुसत्या पत्र्याखाली पावसाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही आणि एप्रिलमध्ये घर तापतं. मधला मार्ग असा: खाली पत्रा, वर कौलं. इथे एक बारकावा हमखास चुकतो. पत्र्यावर आधी उभ्या रिपा मारायच्या, त्यांच्यावर आडव्या, आणि आडव्यांवर कौलं. थेट आडव्या रिपा मारल्या तर कौलांतून झिरपलेलं पाणी आणि पालापाचोळा प्रत्येक रिपेशी अडतो, रिपा कुजतात, पत्रा गंजतो. उभ्या रिपांमुळे पाणी वळचणीपर्यंत सरळ निघून जातं.

लोखंडी पाइपचा सांगाडा करणार असाल तर पाइप जोडायच्या आधी सर्व बाजूंनी प्राइमर लावून घ्या आणि पाइपांची तोंडं बंद करा. जोडून झाल्यावर वरवर मारलेला रंग खाऱ्या हवेत दोन पावसाळे टिकत नाही.

वळचण भिंतीच्या बाहेर निदान अडीच-तीन फूट हवी. 'आधुनिक दिसतं' म्हणून छपराची कड भिंतीलगत कापणारे आराखडे मी पाहिले आहेत. ते दुसऱ्या हवामानातले आहेत, तिथेच राहू द्या.

> सावधान: जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कापू नका, फोडू नका, झाडू मारून धूळ उडवू नका. पाणी मारून, अख्खेच्या अख्खे उतरवा.

तपासणी: छप्पर झाल्यावर पाऊस येईपर्यंत थांबू नका. पाइपनं आढ्यापासून खाली, एकेक भाग करत, अर्धा-अर्धा तास पाणी सोडा आणि आतून एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. कोन्यांखालचा (आढ्यावरच्या कौलांखालचा) सिमेंटचा माल, आणि दोन पाखी आत मिळतात तिथला पत्रा, या दोन जागा आधी बघा.

## टप्पा ४: घराभोवतीचं पाणी

शंभर चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी खाली येतं. जुलैत असा दिवस काही अपूर्वाईचा नाही. हे पाणी जोत्याच्या पायथ्याशी मुरलं तर भिंतीतली ओल कुठल्याही रसायनानं थांबणार नाही.

बऱ्याच घरांत अंगणात वर्षानुवर्षं माती, खडी, शेवटी पेव्हर ब्लॉक टाकून बाहेरची पातळी जोत्याच्या डोक्यापर्यंत आलेली असते. ती खाली न्या. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा निदान दीड फूट उंच असावी. जोत्याभोवती तीन फुटांची फरसबंदी करा, उतार घरापासून लांब, दर फुटाला अर्धा इंच. तिच्या कडेला उघडं गटार. झाकलेलं पाइपगटार दिसायला नेटकं, पण आंब्या-फणसाच्या पानांनी पहिल्याच आठवड्यात तुंबतं आणि कळत नाही.

पन्हळ लावली असेल तर तिचं पाणी नेऊन सोडायची जागा आधी ठरवा. पन्हळ लावून तिचा पाइप भिंतीच्या कोपऱ्यात सोडणं म्हणजे सगळ्या घराची ओल एका कोपऱ्याला देणं.

## टप्पा ५: भिंती उघड्या करा आणि थांबा

जांभा पाणी पितो आणि पाणी सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते सोडू देतो, सिमेंटचा देत नाही. मग आतली ओल सिमेंटच्या मागून वर चढते, क्षार बाहेर येतात आणि लोणा लागतो. कमरेपर्यंत सिमेंट चढवलं की पुढच्या वर्षी ओल छातीपर्यंत दिसते ती यामुळेच.

ओल्या भागावरचा जुना सिमेंट गिलावा काढा, ओलीच्या रेषेच्या वर आणखी दीड-दोन फुटांपर्यंत. सांध्यांतला भुसभुशीत माल अर्धा-एक इंच खरवडून काढा. पांढरे क्षार कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करा. पाण्यानं धुतलेत तर ते पुन्हा भिंतीतच जातात.

मग थांबा. दारं-खिडक्या उघड्या ठेवून निदान दोन महिने. जाड भिंत वाळायला महिने लागतात आणि कंत्राटदाराला हेच मान्य नसतं, कारण त्याचा माणूस मोकळा बसतो. म्हणून करारातच हे अंतर लिहून घ्या आणि त्या काळात त्याला छपराचं उरलेलं काम द्या.

> सावधान: दोन खोल्या एक करण्यासाठी मधली भिंत पाडायची असेल, तर आधी माळ्यावर जाऊन तिच्यावर तुळया टेकल्या आहेत का ते बघा. टेकल्या असतील तर अभियंत्याशिवाय एक चिराही काढू नका. खिडकी मोठी करतानाही आधी टेकू द्या, एका वेळी एकाच खिडकीचं काम करा, आणि वरचा लिंटल (खिडकीवरची आडवी तुळई) दोन्ही बाजूंना निदान नऊ इंच भिंतीत बसलेला हवा.

## टप्पा ६: वीज आणि नळ

हे गिलाव्याच्या आधी, नंतर कधीच नाही.

मातीच्या दर्जाच्या भिंतीत आडव्या खाचा मारून वायर लपवू नका. भिंत कमजोर होते आणि ओल वायरपर्यंत पोचते. पाइपातून, भिंतीच्या बाहेरून, तुळईच्या रेषेनं नेलेली वायरिंग नीट आखली तर सुंदर दिसते आणि दुरुस्त करता येते. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर स्विचबोर्ड टाळा. नवीन अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) याला पर्याय नाही.

बाथरूम जुन्या घराच्या पोटात घुसवू नका. मागच्या पडवीला लागून, स्वतःच्या पायावर, स्वतःची भिंत असलेलं बांधा. पूर्वी न्हाणी मागे असायची, ते शहाणपणाचंच होतं. नवं छप्पर जुन्या भिंतीला भिडतं तिथे पत्र्याची पट्टी भिंतीच्या सांध्यात शिरवून खाली वाकवा. नुसता सिमेंटचा गोळा लावला तर एका पावसाळ्यात चीर पडते.

## टप्पा ७: गिलावा

कळीचा चुना विझवून पाण्याखाली निदान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर ठेवावा. म्हणजे चुन्याची तयारी भिंती वाळत असतानाच सुरू करायची. विझवताना तो उकळतो, डोळ्याला चष्मा आणि हाताला मोजे हवेतच. एक भाग चुना, अडीच-तीन भाग वाळू. खाडीची वाळू असेल तर गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय वापरू नका, तिच्यातलं मीठ भिंतीत कायमचं राहतं.

भिंत आधी ओली करा, मोठे खड्डे जांभ्याच्या कपच्या आणि चुन्यानं भरा. मग अर्ध्या-अर्ध्या इंचाचे दोन थर. पहिला घट्ट झाल्यावर दुसरा. ऊन आणि वारा थेट लागू देऊ नका, ओली गोणपाटं लावून आठवडाभर दमट ठेवा.

गवंडी 'थोडं सिमेंट घालू, लवकर धरेल' म्हणणारच. ठामपणे नाही म्हणा. ज्याला चुन्याचं काम येत नाही त्याच्याकडून आधी मागच्या पडवीची भिंत करून घ्या, ओटीची नाही.

चिरा उघडा ठेवायची आवड असेल तर वळचणीखालची किंवा पूर्वेची भिंत निवडा आणि सांधे चुन्यानं भरा. चकचकीत पारदर्शक रंग मारू नका. तो दगडावर पापुद्रा धरतो, आत ओल अडते आणि भिंत पांढुरकी होते.

## टप्पा ८: जमीन

शेणानं सारवलेल्या जमिनीवर थेट सिमेंट-टाइल्स बसवल्या की खालची ओल बाजूला, भिंतींकडे जाते. आधी माती खणून सहा-नऊ इंच मोठी खडी किंवा जांभ्याचे तुकडे भरा. भुसा-भुगा नको, तुकड्यांमध्ये मोकळी जागा राहिली तरच ओल वर खेचली जात नाही. त्यावर कोबा आणि मग फरशी.

फरशी बिनपॉलिशची कोटा, शहाबादी किंवा टेराकोटा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलला पावसात घाम येतो आणि घरातली म्हातारी माणसं घसरतात. लाल कोबा सुंदर दिसतो, पण तो एका दमात, अनुभवी कारागिरानं करायचा आणि आठ-दहा दिवस पाणी मारायचं असतं. कारागीर मिळत नसेल तर हट्ट सोडा.

## टप्पा ९: खिडक्या, लाकूड, रंग, दिवे

लोक सुरुवात इथून करतात. तुम्ही आठ टप्पे पार करून आला असाल तर आता हात सैल सोडायला हरकत नाही.

'उबदार' म्हणजे गडद तपकिरी, असा एक गैरसमज आहे. जुलैत दुपारी चारला घरात दिवा लागतो. अशा घरात गडद पॅनेलिंग केलं की गुदमरायला होतं. भिंती फिकट ठेवा. ऊब लाकडाची, जमिनीची आणि दिव्यांची येऊ द्या. चुन्याच्या सफेदीत थोडी पिवळी माती किंवा गेरू मिसळला की जो रंग येतो, तो कुठल्याही शेडकार्डावर सापडत नाही. तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक वेळी भिंत आधी ओलसर करून. चुन्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट नको, सगळा खटाटोप वाया जाईल.

प्रत्येक खोलीला उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या पाख्यात एक-दोन काचेची कौलं पुरेत. पश्चिमेला लावलीत तर एप्रिलमध्ये पश्चात्ताप होईल. दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, छताच्या मधोमध एक मोठा नको, भिंतीलगत आणि कोपऱ्यांत चार छोटे.

आतून छत करायचंच असेल तर लाकडी फळ्यांचं करा, आणि कौलांपासून मोकळी जागा सोडून, वळचणीला आणि आढ्याला हवा येईल-जाईल असं. पीओपी इथे टिकत नाही आणि वरची गळतीही लपवून ठेवतं.

खिडक्या सरकत्या नकोत, बाहेर उघडणाऱ्या बऱ्या. सरकत्यांच्या रुळांत झडीचं पाणी साचून आत येतं. खिडकीच्या बाहेर आलेल्या पाटाच्या तळाला, कडेपासून अर्धा इंच आत, एक बारीक खाच मारून घ्या म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल, भिंतीकडे परत येणार नाही. आणि जुलैत फुगलेलं दार लगेच रंधू नका, जानेवारीत बोटभर फट पडेल.

फर्निचरसाठी एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पूर्ण वर्ज्य. प्लाय घेताना आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघा. त्यापेक्षा जुन्या वाशांचं, तुळयांचं चांगलं उरलेलं लाकूड रंधून घ्या. त्यातून उभं राहिलेलं बाकडं किंवा जेवणाचं टेबल घराला शोभतं आणि फुकट पडतं. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, दोन इंच जागा सोडा, खाली पाय ठेवा. पडवीतल्या लाकडाला व्हार्निशऐवजी जवसाचं तेल लावा. व्हार्निशचा पापुद्रा फुटला की आत पाणी अडतं, तेल दरवर्षी नुसतं पुन्हा पुसायचं.

> सावधान: वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं तेल वापरणार असाल तर हातमोजे घाला. कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. शिवाय जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा, मगच फेका.

## टप्पा १०: पहिला पावसाळा

घर झालं आणि कुलूप लावून मुंबईला गेलात, तर सप्टेंबरात गाद्यांवर बुरशी भेटेल. आठवड्यातून दोनदा, उघडीप असताना, खिडक्या उघडणारं कुणीतरी गावात ठरवून ठेवा आणि त्याचे पैसे द्या. गाद्या-उश्या मे अखेरीस उन्हात तापवून कोरड्या कपाटात ठेवा.

गणपतीला गेलात की टप्पा १ मधली वही काढा आणि त्याच जागा पुन्हा तपासा. चुन्याच्या भिंतीवर पहिल्या वर्षी ओलसर डाग दिसले तर लगेच खरवडू नका. डाग डिसेंबरपर्यंत गेला तर भिंत फक्त उरलेलं पाणी सोडत होती. तसाच राहिला तर बाहेर त्या जागेसमोरचं गटार आणि वरची कौलं बघा. कौलांचे शे-दीडशे नग मात्र त्याच खेपेतले जास्तीचे घेऊन गोठ्यात रचून ठेवा, पुढच्या वर्षी त्या खाचेचं कौल बाजारात मिळेलच असं नाही.